निर्जळी एकादशी आणि मुंग्या

कल्याणच्या आमच्या वैद्यांनी मधुमेह सांगितला आणि भात, गूळ, आंबा सगळ्यावर फुली पडली. मी ठाण्याच्या गोऱ्या साहेबाच्या कचेरीतला कारकून. हुकूम पाळणं अंगवळणी पडलेलं. तरी परसात शेवग्याखाली मी लघवी करून आलो, की थोड्या वेळात तिथे काळ्या मुंग्यांची रांग लागे. गोडाशिवाय मुंग्या कशा येतील? बायकोने गुळाचा डबा कडीकुलपात ठेवला.

"अहो, खरं सांगा. कचेरीत पेढे खाता ना?"

"अगं, देवाशपथ नाही!"

तिचा विश्वास बसेना आणि माझं डोकं फिरायची वेळ आली. न खाल्लेल्या पेढ्यांचा आळ फार झोंबतो. पुढे पुढे मलाच शंका येऊ लागली, झोपेत उठून तर खात नाही ना मी?

ठाण्याच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, "साखर यकृतातही तयार होते. पोट रिकामं राहिलं की यकृत ती रक्तात सोडतं. निरोगी माणसात ते वेळेवर थांबतं, तुमच्यात थांबत नाही. सोड म्हणून त्याला कोण सांगतं, ते आम्हालाही ठाऊक नाही." मी मान डोलावली, पण काडीचंही समजलं नाही. उपाशी माणसाच्या अंगात साखर येतेच कुठून? घरी सांगितलं तर बायको म्हणाली, "डॉक्टरांनाही फितवलंत वाटतं!"

शेवटी मी चिडून म्हटलं, "ज्येष्ठातली निर्जळी एकादशी करतो. तू समोर बसून राहा." तिनेही उपास धरला. दिवसभर आम्ही ओटीवर समोरासमोर. तहानेने माझी जीभ टाळूला चिकटली. मी उठलो की ती मागोमाग, आणि निजली तीही दाराशी आडवी.

द्वादशीला सकाळी मी परसात जाऊन आलो. थोड्या वेळाने दोघंही शेवग्याखाली जाऊन पाहतो तो मुंग्या हजर. "बघ! आता तरी पटलं?" खटला जिंकल्यासारखा मी ओरडलो. कसं झालं ते अजूनही कळत नव्हतं, पण मी खोटा नव्हतो!

ती मात्र तिथेच मातीत मटकन बसली आणि रडू लागली. माझा गोंधळ उडाला.

"अगं, आता काय झालं?"

"तुम्ही चोरून खात असतात तर बरं होतं हो," ती म्हणाली. "कधी ना कधी मी थांबवलं असतं तुम्हाला."