पहिली चिमणी

माझी मावशी सातव्या वर्षी रंगमंचावर उभी राहिली. नाटकात ती हरवलेली मुलगी व्हायची. तिसऱ्या अंकात बाप तिला उचलून आणायचा, ती त्याच्या मांडीवर प्राण सोडायची आणि थिएटरभर मुसमुसणं सुरू व्हायचं. नाटक कंपनीच्या मालकांनी तिचं नाव चिमणी ठेवलं, जाहिरातीत तेच छापलं, आणि हळूहळू घरातलेही तेच म्हणू लागले.

आजी त्याच कंपनीत कपडे शिवायची. बाराव्या वर्षी मावशी भराभर वाढू लागली, तशी आजीनं तिच्या झग्याची दुमड सोडली, मग बगलेत कापड जोडलं. तेही पुरेना, तेव्हा सुती पट्टीनं छाती आवळून बांधायला लागली. जेवणही निम्म्यावर आणलं.

"आई, श्वास कोंडतो गं. बोलता येत नाही."

"सोस थोडं," दातांत टाचण्या धरून आजी म्हणाली. "मोठी दिसलीस, तर कुत्रं विचारणार नाही आपल्याला."

एका रविवारी बापाचं काम करणारा नट तिला उचलताना झोकांडला. मागून कुणीतरी ओरडलं, "अहो, आधी बाप मरेल!" थिएटर खदखदून हसलं. मावशी डोळे मिटून पडून राहिली. मेलेल्या मुलीनं रडायचं नसतं, तरी गालावरून पाणी ओघळलंच.

दुसऱ्या दिवशी मालक शिवणखोलीत आले. मावशीकडे त्यांनी पाहिलंसुद्धा नाही. कोपऱ्यात तिची सहा वर्षांची बहीण बटणं निवडत बसली होती, तिच्याकडे बोट केलं.

"हिला उभी करा. नाव चिमणीच राहू दे. जाहिराती छापून झाल्यात."

"आणि मी?" मावशीनं विचारलं.

"तू शिकव की हिला! तुझ्याइतकं कुणाला येतंय?"

पंधरा दिवस तिनं धाकटीला शिकवलं. दम कुठे धरायचा, हात कसा निसटू द्यायचा, सगळं. पहिल्या प्रयोगाला धाकटीचा हात असा काही गळून पडला की बायकांनी तोंडाला पदर लावले. विंगेत उभी असलेली आजी डोळे पुसत म्हणाली, "गुणाची गं माझी चिमणी!" मावशी तिच्या शेजारीच उभी होती. त्या दिवसापासून घरात तिला 'मोठी' म्हणू लागले.

ती धाकटी म्हणजे माझी आई.

सोळाव्या वर्षी मावशीनं नायिकेच्या मैत्रिणीचं काम मागितलं. मालक म्हणाले, "तुझा चेहरा लोकांना पोरीचा म्हणून पाठ झालाय. आता तो कशालाच चालायचा नाही." ती शिवणयंत्रावर बसली, ती कायमचीच. आई पुढे नायिका झाली. मुलाखतीत सांगायची, "अभिनय मला कुणी शिकवला नाही. उपजतच होता."

मी एकदा मावशीला विचारलं, "तुला आईचा राग येत नाही?"

"तेव्हा नाही आला. सहा वर्षांचं लेकरू ते, त्याला काय कळतंय?" तिनं दोरा तोडला. "आता ती साठीची आहे. आता येतो."

आईच्या सत्काराला मावशीसाठी गाडी पाठवली होती. तिनं ड्रायव्हरला चहा पाजला आणि गाडी रिकामीच परत धाडली.

"एवढी कसली ऐट म्हणते मी!" आई धुसफुसली. त्यानंतर दोघी एकमेकींशी बोलल्या नाहीत.