घरावरची नौबत

अचलपूरच्या एका जुन्या वेशीवर अब्दुल रहीमचाचांचा नगारा होता आणि वेशीखालच्या खोलीत संसार. इमादशाही सुलतानांच्या दारी जी नौबत झडायची, तिचे आपण वारस, असे चाचा सांगत. पुरावा म्हणून नगाऱ्याच्या तांब्यावरचा दोन डोक्यांचा गंडभेरुंड दाखवत. सुलतान गेले, निजाम गेला, इंग्रज गेले. चाचा मात्र दर गुरुवारी शेरवानी चढवून, नसलेल्या दरबाराला सलाम करून नगारा वाजवत. ऐकायला खाली एक पानठेला आणि चार बकऱ्या.

दोन हजार सहा साली, उर्साला पंधरा दिवस असताना नगाऱ्याचे कातडे फाटले. दर्ग्याची कमिटी म्हणाली, "जमलं तर ठीक, नाहीतर स्पीकर लावू." एकदा लागलेला स्पीकर पुन्हा उतरत नाही, हे चाचांना ठाऊक होते. त्यांनी तहसिलीत अर्ज दिला. शिक्षण उर्दूत, पण अर्ज हट्टाने मराठीत: 'माझ्या घरावर नौबत आहे. ती फाटली आहे. उर्सापर्यंत मदत न मिळाल्यास सर्व संपेल.'

ते दिवस वाईट होते. तेल्हाऱ्यापासून वरुडापर्यंत कुठल्या ना कुठल्या गावातून शेतकऱ्याने जीव दिल्याची बातमी येई. तहसीलदारसाहेबांनी अर्जातले 'नौबत' आणि 'सर्व संपेल' एवढेच वाचले आणि दुसऱ्याच दिवशी धीर द्यायला समुपदेशक मंजुषाताईंना धाडले.

"चाचा, झोप लागते का?"

"नौबतीची अशी दशा, झोप कशी लागंल बेटी?"

"मनात काय येतं?"

"फाटलेलं कातडं."

ताईंनी वही मिटली आणि मोहल्ल्याला बजावले, यांना एकटे सोडू नका.

पाळ्या लागल्या. सकाळी बेबीताई भाकरी घेऊन येई, दुपारी शेषराव गप्पा घेऊन, संध्याकाळी नत्थुजी. नत्थुजी भजनी मंडळांच्या खंजिऱ्या मढवणारा. नुसते बसणे त्याला जमेना.

"चाचा, ह्या दोन डोक्याच्या कोंबडीले मढवून देऊ का?"

"कोंबडी नाही रे, सल्तनतीचं निशाण आहे ते."

"निशाण कोनाचंबी असो, कातडं म्हशीचंच लागंल."

कातडे भिजवून, ताणून, सुकत ठेवले. तेव्हा कुठे नसीमबानोने नवऱ्याला सांगितले, "लोक तुमी जीव द्याल समजून राहिले. सांगून टाका खरं."

चाचांनी कातड्याला बोट लावले. "आत्ता? वलं आहे अजून."

मग कातडे सुकेपर्यंत त्यांनी असे काही उसासे टाकले, की शेषरावने आपल्या हाताने त्यांना शिरा भरवला.

उर्साच्या संध्याकाळी नौबत झडली. पानठेल्याच्या बरण्या थरथरल्या, बकऱ्या पळाल्या. घामाघूम चाचांकडे नत्थुजी बघतच राहिला.

"चाचा, तुमी तं ठणठणीत आहा. आमाले बनवून राहिले होते का?"

चाचांनी शेरवानीच्या बाहीने कपाळ पुसले. "थोडंसं. पन नत्थू, इतकी वर्षं रिकाम्या दरबाराले सलाम केला मी. ह्या बारा दिवसांत दारात रोज मानसं बसली. सांगून टाकलं असतं, तं तुमी उठून गेले असते ना बे."

पुढच्या गुरुवारी नत्थुजी शेषरावला घेऊन, वेळेआधीच येऊन बसला.