उज्ज्वलाचा कॉम्प्युटर

धुडकूनानांचा यंत्रांच्या बाबतीत एक हट्ट होता. घ्यायचं तर चालतं घ्यायचं. सायकल घेतली तीसुद्धा लिंबायतच्या दूधवाल्याला भर रस्त्यात थांबवून, किटल्या उतरवायला लावून. दुकानातल्या कोऱ्या सायकलींकडे ढुंकून पाहिलं नाही. उभी हयात या गुजराती मुलखातल्या लूमच्या कारखान्यात गेलेली. जुना माग विकत घेताना तिथे पहिला प्रश्न असतो, शेवटचा कधी चालला? बंद राहिलेल्या मागाला गंज धरतो, त्याला कुणी हात लावत नाही.

अशा नानांवर अठ्ठ्याण्णव साली सुनेसाठी कॉम्प्युटर निवडायची वेळ आली.

मुलगा योगराज काविळीने गेला, त्याला वर्ष होऊन गेलं होतं. नानांची बायको तर त्याच्याही आधी गेलेली. घरात सून उज्ज्वला आणि नात स्वाती, एवढंच काय ते उरलं होतं. उज्ज्वलाचा भाऊ पंडित चोपड्याहून येऊन सांगून गेला की आखाजीच्या सणाला बहिणीला माहेरी न्यायला येईन आणि मग परत पाठवणार नाही. म्हातारा माणूस दोघींना किती दिवस पोसणार? त्याचंही काही चूक नव्हतं. पण उज्ज्वलाला राहायचं होतं. तिचा हात रांगोळीचा. उधन्याच्या क्लासात ती कॉम्प्युटरवर साडीचे काठ काढायला शिकली होती, आणि घरी मशीन असेल तर काम देतो, असं एक व्यापारी म्हणाला होता. काम लागलं असतं तर पंडितही गप्प बसला असता.

नवं घ्यायची ऐपत नव्हती. जुनी दोन पाहिली. एक स्टेशनजवळ एका वकिलाकडे, मुलगा परदेशी गेल्यापासून कापडाखाली झाकलेलं. दुसरं कडोदऱ्याच्या एम्ब्रॉयडरीच्या कारखान्यात, दिवसरात्र चालणारं. किंमत जवळपास सारखीच. वकिलाकडे उज्ज्वला कळांवरून बोटं फिरवत हळूच म्हणाली, "नाना, हे बरं वाटतंय."

नाना हसले. "बेटा, बंद पडेल यंतर काय कामनं? चालस तेच लेवानं."

कडोदऱ्याच्या मशीनवर त्यांनी तळहात ठेवला. चांगली धग लागली, तेव्हा गडी खूश. रिक्षात पडद्याचा डबा मांडीवर घेऊन बसले. गल्लीत शेजारच्या पुष्पाबाईंनी टीव्ही आणला का म्हणून विचारलं, तर म्हणाले, "टीव्ही लोके देखतस. हाई कमावस."

पहिले काही दिवस कमावलंही. व्यापाऱ्याला कोयऱ्यांचा एक काठ फार आवडला. मग मशीन तापलं की पडदा गोठायला लागला. उज्ज्वला ओल्या फडक्याने भोवतालची फरशी पुसायची, पंखा त्याच्याकडे वळवायची आणि स्वतः घामात बसायची. लग्नसराईच्या मोठ्या कामाची डिझाइनं जवळजवळ पुरी झाली, त्याच दिवशी ते जे बंद पडलं ते पडलंच. दुरुस्तीवाल्याने झाकण उघडलं. आत कारखान्यातल्या दोऱ्यांचा भुसा गादीसारखा दाटलेला, डिस्क झिजून गेलेली, डिझाइनं गेलेली.

"आ तो थाकी गयुं छे, काका," तो म्हणाला. "बहु चाल्युं."

व्यापारी थांबला नाही. त्याने काम दुसरीकडे दिलं.

आखाजीच्या तोंडावर पंडित आला. उज्ज्वलाने पिशव्या भरल्या. बसस्टँडवर तो तिकिटं काढायला गेला, तेव्हा नाना खाली मान घालून म्हणाले, "तू दावेल तेच लेवाले जोयजे व्हतं."

"दोघांनी मिळूनच घेतलं ना, नाना," उज्ज्वला म्हणाली.

हे खरं नव्हतं. नानांना वकिलाकडचं तिचं ते बोटं फिरवणं दिसत राहिलं.

बस लागली. स्वाती खिडकीतून सांगत होती की शाळा उघडली की मी येते, माझं दप्तर खुंटीवरच राहू द्या. नाना तिला हो म्हणाले. मग दाराशी जाऊन त्यांनी पंडितचा हात धरला.

"पोरले तठेच शाळात टाकी दे," ते म्हणाले. "वरीस वाया नको जावाले."

पंडितने मान हलवली, आणि बस सुटली.