गजभिये कुलूप लावायला विसरले नव्हते

वासुदेव गजभिये गेल्याची बातमी मला निवृत्त सहकाऱ्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर कळली. आधी त्यांचा फोटो, खाली जोडलेले हात, मग एकामागून एक श्रद्धांजल्या... आमची पुण्याची माणसं. डोळे पुसतानाही टोमणा सुटत नाही. दुपारपर्यंत कुणीतरी लिहिलं, "साहेब, वर गेल्यावर तरी कुलूप लावायला विसरू नका." लिहिणाऱ्यानं ते प्रेमानंच लिहिलं होतं. ती गोष्ट आमच्या कारखान्यात प्रत्येक नव्या माणसाला पहिल्याच दिवशी सांगतात. ज्या गजभियेसाहेबांनी यंत्रांना कुलपं लावायला शिकवलं, ते स्वतःच एकदा विसरले आणि मरता मरता वाचले. मग तुमची-आमची काय कथा? शिकवायला गोष्ट फार सोयीची आहे. फक्त ती खोटी आहे. हे दोन माणसांना ठाऊक होतं. त्यातला एक आता गेला. दुसरा मी.

गजभिये भंडाऱ्याकडचे, नागपुरात इंजिनिअर झालेले, आणि पुण्यात बिबवेवाडीत राहायचे. गाड्यांचे पत्र्याचे भाग दाबून काढणाऱ्या आमच्या कारखान्यात ते देखभाल विभागाचे प्रमुख होते आणि मी उत्पादनाचा. म्हणजे हाडवैरच. मला यंत्र चालू हवं असायचं, त्यांना दुरुस्तीसाठी बंद. ते मला नावानं कधी हाक मारत नसत. "काय करून राहिले, पुणेकर?" असं दारातूनच विचारत आत यायचे. कडक इस्त्रीचा शर्ट, रंगवलेली मिशी आणि इथल्या मिसळीविषयी कायमची तक्रार. "ही मिसळ होय जी? हा तर तुमच्या गोड वरणाचा चुलतभाऊ." वादात हरलेले मी त्यांना पाहिले नाहीत. हरले तरी ते कबूल करत नसत.

त्यांचं म्हणणं साधं होतं. यंत्रात हात घालण्याआधी मुख्य स्विच बंद करायचा, त्यावर आपलं स्वतःचं कुलूप लावायचं आणि चावी आपल्या खिशात ठेवायची. जितकी माणसं आत, तितकी कुलपं बाहेर. शेवटचा माणूस आपलं कुलूप काढत नाही तोवर यंत्र सुरू होणार नाही. आणि एवढ्यावर थांबायचं नाही. "वीज बंद केली म्हणजे यंत्र मेलं असं नसते," ते म्हणत. "वर टांगलेलं वजन आहे, नळीत दाबून धरलेलं तेल आहे, आवळलेली स्प्रिंग आहे. हा सगळा त्याच्या पोटातला राग. तो उतरवा, नाहीतर त्याला टेकू द्या. मग बटण दाबून पाहा, खरंच झोपलं का. मग हात घाला."

आज हे सगळ्या मोठ्या कारखान्यांत असतं. तेव्हा आमच्याकडे 'काम चालू आहे' अशी पुठ्ठ्याची पाटी दोरीनं अडकवत. ती पंख्याच्या वाऱ्यानं उडून जायची. कुणाचं बोट जायचं, आणि आम्ही त्याला नशीब म्हणायचो. कामगारांनाही कुलपं नकोच होती. फाटकाला टाळं पडून घरी बसलेली माणसं आमच्यात होती. कुलूप पाहिलं की त्यांना तेच फाटक आठवायचं. मग गजभियांनी कसबा पेठेतून स्वतः कुलपं आणली, लाल रंगवली आणि प्रत्येकाला आपल्या कुलपावर आपल्या लेकराचं नाव लिहायला लावलं. त्या दिवसापासून ती वस्तू परकी राहिली नाही. "हात लावू नको रे, सोनू लटकलीय तिथं," असे आवाज यंत्रांमधून येऊ लागले. गजभियांच्या कुलपावर त्यांच्या मुलीचं नाव होतं, प्रज्ञा.

आता त्या खंडेनवमीचं. त्या दिवशी आमच्याकडे यंत्रांची पूजा असायची. झेंडूचे हार, हळदकुंकू, हत्यारं धुऊन पाटावर मांडलेली. खंडेनवमीला हत्यार हातात घ्यायचं नाही, हा आमचा नेम. पूजा झाली की मालकांच्या हस्ते पत्रा दाबणारी मोठी प्रेस मुहूर्तापुरती एकदा चालवायची, की सुट्टी. गजभिये बौद्ध. ते पूजेला येत नसत आणि संध्याकाळच्या गाडीनं नागपूरला, दीक्षाभूमीला निघायचे. आदल्या दिवशी ते मला म्हणाले होते, "उद्या तुमची यंत्रं निवांत. मोठ्या प्रेसची मागची गळती काढून घेतो. मुहूर्ताच्या आधी मला फक्त आवाज द्या." मी हो म्हणालो आणि विसरलो. विसरलो म्हणणंही पुरतं खरं नाही. खंडेनवमीला कुणी पाना हातात घेईल, हे माझ्या डोक्यात शिरतच नव्हतं. माझा नेम तोच सगळ्यांचा नेम, असं धरून चालणारा मी माणूस.

मालक लवकर आले. गुरुजींची घाई सुरू झाली. मी स्विचपाशी गेलो, तर तिथं लाल कुलूप. मला वाटलं, गजभिये काल काढायला विसरले आणि चावी घेऊन घरी गेले. "गजभिये!" अशी एक हाक मी मारली खरी, पण आरतीच्या ध्वनिक्षेपकापुढं ती मलाच ऐकू आली नाही. प्रेसच्या मागे जाऊन पाहायला किती वेळ लागला असता? मी गेलो नाही. बोल्ट कटर आणला, कुलूप तोडलं, तुकडे खिशात टाकले, स्विच चालू केला. मालकांनी नारळ फोडून बटणं दाबली. पंप घुमला, वरचा अजस्र भार खाली येऊ लागला आणि मध्येच कशावर तरी अडकून किंचाळल्यासारखा आवाज करत थांबला. मी धावत जाऊन बंद केलं.

"काहून बे! कोण आहे तिकडं?" प्रेसच्या मागून आवाज आला.

गजभिये बाहेर आले. निसटलेला पाना लागून भुवई फुटली होती, रक्त शर्टावर ओघळत होतं. पण दोन्ही हात शाबूत होते. ते हात त्या भाराखालीच होते. नुसत्या कुलपावर न विसंबता त्यांनी खाली पोलादी टेकू लावला होता, म्हणून ते वाचले.

मालकांचा चेहरा पांढराफटक पडला होता. "अहो गजभिये, तुम्हीच कुलूप लावलं नाहीत?"

गजभियांनी रिकाम्या स्विचकडे पाहिलं. मग माझ्याकडे. आणि मी बोललो, "मला तर दिसलं नाही."

ते भुवईवर रुमाल दाबत चालू लागले. प्रथमोपचाराच्या खोलीत आम्ही दोघंच उरलो तेव्हा त्यांनी हात पुढं केला. "खिशातलं द्या." मी तुकडे दिले. त्यांनी ते जुळवून नाव वाचलं.

"माझी लेक आहे ही, पुणेकर."

"मी आत्ता जाऊन मालकांना सांगतो," मी उठलो.

त्यांनी माझं मनगट धरलं. "बसा. तुम्ही सांगाल, मालक तुम्हाला काढतील. तुमच्या जागी दुसरा येईल आणि त्याला मला पहिल्यापासून समजवावं लागेल. तुम्हाला आज समजलं." मग भुवईवरचा कापूस दाबत म्हणाले, "फुकट सोडून नाही राहिलो. यापुढं मी यंत्र बंद मागितलं तर तुम्ही का म्हणून विचारायचं नाही. आणि कुलूप कोणी तोडायचं नाही. ज्याचं आहे तो माणूस डोळ्यांनी दिसत नाही तोवर, मालकानंही नाही."

"पण लोक म्हणतील, तुम्हीच विसरलात."

"म्हणू द्या. माझ्या नावापेक्षा मला तुमचा होकार जास्त कामाचा आहे."

त्या संध्याकाळी भुवईला पट्टी बांधून ते नागपूरला गेले. मी घरी येऊन पुरणपोळी खाल्ली... त्यांचा मोठेपणा मला किती सोयीचा पडला, हे लिहितानाही लाज वाटते. ते काही काळ गप्प राहा म्हणाले असतील. निवृत्तीनंतर मला कोण काढणार होतं? तरीही मी बोललो नाही. ते मौन त्यांनी मागितलेलं नव्हतं. ते माझं होतं.

पण त्यांनी केलेला सौदा काय फळला, ते सांगितलंच पाहिजे. उत्पादनाचा प्रमुखच कुलपांच्या बाजूनं उभा राहिल्यावर अडवणार कोण? स्विचच नाही, तेलाच्या आणि हवेच्या नळ्यांच्या झडपांनाही कुलपं आली. ज्यांना कुलपं नको होती, तेच कामगार नव्या ठेकेदाराच्या माणसांना दरडावू लागले, "पहिलं कुलूप, मग पाना." दुसऱ्या कारखान्यांची माणसं पाहायला यायची आणि गजभिये त्यांना मिशीवर हात फिरवत सगळं दाखवायचे. कुणी निवृत्त झालं की ते त्याला शाल देण्याआधी दोन्ही हात वर करायला लावत. "पंजे उघडा. दाखवा साऱ्यांना!" सभागृह टाळ्यांनी दणाणायचं. सुरुवातीच्या समारंभांत एखादं बोट कमी असलेला हात वर यायचा आणि टाळ्या क्षणभर अडखळायच्या. पुढं पुढं असे हात कमी झाले. मग आलेच नाहीत. गजभिये स्वतः निवृत्त झाले तेव्हा सगळ्या कारखान्यानं हात वर केले होते. मग त्यांनीही आपले दोन्ही हात वर केले. हरल्याची कबुली देताना मी त्यांना तेवढं एकदाच पाहिलं.

ते गेल्यानंतर काही आठवड्यांनी मी बिबवेवाडीला गेलो आणि त्यांच्या पत्नीला, मंदाताईंना सगळं सांगितलं. त्यांना काहीच माहीत नव्हतं. 

"मी जन्मभर टोमणे मारले हो त्यांना," त्या म्हणाल्या. "दाराचं कुलूप ओढून पाहायचे ना, की मी म्हणायची, पाहा बाई, तुमची तर विसरायची खोड आहे. आणि ते नुसते हसायचे." त्यांनी पदरानं डोळे पुसले. "मला सांगून काय उपयोग भाऊजी? जिथं रोज खोटं शिकवून राहिले, तिथं जाऊन सांगा. आणि पेपरातही लिहा."

हा लेख त्यांच्या सांगण्यावरून. पण आधी मी कारखान्यात गेलो. नव्या माणसांना शिकवणारी अस्मिता नावाची तरुण इंजिनिअर आहे. तिच्या वर्गासमोर उभं राहून मी सांगितलं, गजभियांनी कुलूप लावलं होतं, ते मी तोडलं.

"मग तुम्हाला काय शिक्षा झाली?" एकानं विचारलं.

"काहीच नाही. तेही सांगायलाच आलोय."

अस्मिता कपाळाला हात लावून म्हणाली, "काका, माझी पहिल्या दिवसाची गोष्टच गेली की!"

"दुसरी दिली ना. ही जास्त खरी आहे."

त्यावर ती हसली आणि वर्गाकडे वळून म्हणाली, "ऐकलंत? गजभियेसाहेब विसरले नव्हते. आता हे मागच्या बॅचलाही सांगायचं."

निघताना मला प्रेसची मागची जागा पाहावीशी वाटली. दुरुस्ती चालूच होती. अस्मितानं माझ्या हातात एक लाल कुलूप आणि पेन दिलं. मी नातीचं नाव लिहिलं, कुलूप अडकवलं, चावी खिशात टाकली आणि आत जाऊन त्या जागी थोडा वेळ उभा राहिलो. बाहेर आलो तो असा भारावलेला, की सरळ रिक्षा करून कर्वेनगरला घरी आलो.

चपला काढतोय तोच फोन. "काका, चावी तुमच्या खिशात आहे का?"

होती. "अगं, मग तोडून टाका ते कुलूप! मी घरी आहे, धडधाकट आहे. बोलतोय ना तुझ्याशी?"

"बोलताय, पण दिसत नाही ना," अस्मिता म्हणाली. "गाडी पाठवलीय. पाणीबिणी पिऊन घ्या निवांत."

मी पोहोचलो तेव्हा दुरुस्ती करणारे आपापली कुलपं काढून बसले होते. स्विचवर माझं एकटंच उरलं होतं. उत्पादनाचा तरुण प्रमुख शेजारी उभा राहून घड्याळ पाहत होता. त्याच्या जिवाची तगमग मी ओळखतो, ती मी जन्मभर केली आहे. त्यानं फक्त बाजूला सरून मला वाट दिली. मी कुलूप काढलं. त्यानं स्वतः प्रेसच्या मागे जाऊन, वाकून पाहिलं, परत आला आणि मान डोलावली. पंप सुरू झाला. एका विसराळू म्हाताऱ्यासाठी सगळी पाळी खोळंबली होती, आणि त्यात काही विशेष घडलंय असं तिथं कुणाला वाटतच नव्हतं.