कॅमेऱ्यासाठी केलेला अर्ज

आमचे हे रविवारी दुपारी एक वाजता एटीएममधून दहा हजार रुपये काढून आणतो म्हणून घरातून निघाले आणि अडीचला रिकाम्या हातानं परत आले. माठातलं पाणी प्यायले, खुर्चीत बसले आणि म्हणाले, "मशीननं पैसे दिलेच नाय. खात्यातून मात्र कापले."

मी तेव्हा मुलीची बॅग भरत होते. तिला जालन्याला नर्सिंगला प्रवेश मिळाला होता आणि दुसऱ्या दिवशी होस्टेलची अनामत भरायची होती. मी हातातला टॉवेल तसाच ठेवला आणि त्यांचा मोबाइल मागितला. मेसेज इंग्रजीत होता, पण तेवढं मला वाचता येत होतं. खात्यातून दहा हजार काढले, एवढंच लिहिलं होतं. मशीननं दिले नाहीत, असं कुठंच नव्हतं. पावती मागितली, तर मशीनमध्ये कागदच नव्हता. मुकुंदवाडीतलं मशीन सोडून गारखेड्यात कशाला गेलात, असं विचारलं, तर इथलं बंद होतं. आणि गाडीवर दहा मिनिटांचा रस्ता असताना दीड तास कुठं होता, तर म्हणाले, "तिथंच व्हतो."

प्रत्येक प्रश्नाला उत्तर होतं. पुरावा मात्र एकाचाही नव्हता.

माझ्या संशयाला कारण होतं. आदल्या वर्षी ह्यांनी गाडीचं इंजिन उघडावं लागलं म्हणून सहा हजार खर्च सांगितला होता. कोणती रिंग खराब झाली, मिस्त्री काय म्हणाला, सुटा भाग कुठून आणला, सगळं जेवताना सविस्तर ऐकवलं. पुढं एकदा मी त्याच गॅरेजवर हवा भरायला थांबले, तेव्हा मिस्त्रीच्या बोलण्यातून कळलं की इंजिन कधी उघडलंच नव्हतं. घरी विचारल्यावर ह्यांनी कबूल केलं, पैसे गेले होते धाकट्या भावाकडं, मेंढरांच्या औषधाला. माझे दीर फुलंब्रीच्या पुढं आमच्या गावी मेंढरं राखतात. ह्यांच्या घरात सगळ्यांनी तेच केलं. हे एकटे चिकलठाण्याच्या कंपनीत लागले आणि महिन्याच्या महिन्याला पगार घेऊ लागले. मागं राहिलेल्या भावाबद्दल त्यांच्या मनात कायम एक ओझं असायचं. भावाला मदत केली याचा मला राग नव्हता. त्या रिंगांच्या वर्णनाचा होता. इतकं बारीक खोटं ज्याला रचता येतं, त्याचं खरं कसं ओळखायचं, हे मला तेव्हापासून कळेनासं झालं होतं.

मी गारखेड्यात एका मेसमध्ये पोळ्या करायला जायचे. मेसच्या मालकीणबाईंकडून उचल घेऊन मुलीची अनामत भरली. मंगळवारी आम्ही दोघं उस्मानपुऱ्यातल्या आमच्या बँकेत गेलो. काउंटरवरच्या साहेबांनी खातं उघडून बघितलं आणि व्यवहार यशस्वी दिसतोय म्हणाले. हे म्हणाले, नोटा मोजल्याचा आवाज आला, पण झडप उघडली नाही. साहेबांनी मान न उचलता विचारलं, "नीट आठवा. पैसे घेऊन कुणाला दिले असतील."

हे नुसते काउंटरच्या काचेकडं बघत राहिले. खरा माणूस इथं चिडला असता, असं मला वाटलं. साहेबांनी मग कार्ड आणखी कुणाकडं असतं, पिन कुणाला माहीत आहे, असं विचारत माझ्याकडं नजर टाकली. मी माझ्या जागी ताठ झाले. तीन माणसं, आणि तिघांनाही एकमेकांवर भरवसा नाही, असं ते काउंटर होतं. ज्या मशीनमध्ये हा प्रकार झाला ते दुसऱ्या बँकेचं होतं. तक्रार आमच्या बँकेत द्यायची, ती त्या बँकेकडं जाणार, उत्तर तिकडून येणार. आम्ही फॉर्म भरला आणि नंबर घेऊन घरी आलो.

त्या आठवड्यात मी काय काय केलं ते सांगायला आजही जड जातं. ह्यांच्या पँटचे खिसे बघितले. गाडीची डिक्की बघितली. आंघोळीला गेले की फोनमधले आलेले-गेलेले कॉल बघितले. त्या रविवारी दुपारी सव्वादोनला भावाला फोन केलेला होता. मग मी जावेला फोन लावला, पोरं कशी आहेत वगैरे विचारलं आणि बोलता बोलता मेंढरांवर आले. जाऊ भाबडी आहे. म्हणाली, नव्या चार मेंढ्या घेतल्यात, तीन-चार दिवस झाले.

मला आणखी काही नको होतं. दुसऱ्या दिवशी मेसला सुट्टी सांगितली, ह्यांना काही न सांगता सकाळची बस धरली आणि गावात जाऊन उभी राहिले.

दीर रानात होते. जावेनं मला तिथं नेलं. बाभळीच्या सावलीत मेंढरं बसली होती आणि त्यांत चार नवी लगेच ओळखू येत होती, पाठीवर गेरूची खूण होती. मी आडवळणानं बोलायचं ठरवून गेले होते, पण तोंडातून सरळच निघालं. म्हटलं, भावजी, ह्या मेंढ्यांचे पैसे कुठून आले?

ते आधी गोंधळले. मग त्यांना माझा रोख कळला असावा. दोन मोठे मेंढे विकले आणि त्यात ह्या चार लहान घेतल्या, असं त्यांनी सांगितलं. कुणाला विकले तेही सांगितलं. त्या रविवारच्या फोनचं विचारलं, तर म्हणाले, दादा गारखेड्यातून बोलत होता, मशीननं पैसे खाल्ले म्हणाला आणि आता घरी काय सांगू असं विचारत होता.

"मग तुम्ही काय सांगितलं?"

"खरं हाय ते सांग म्हनलो. वैनी, दिवाळीपासनं दादानं मला एक रुपया दिला नाय. तुमची अडचन असंल तर ह्यातल्या दोन इकतो."

मला त्याच पावली परत फिरावंसं वाटलं. पण जावेनं जेवायला बसवलंच, अर्धी भाकरी कशीबशी खाऊन मी उठले. आणि खरं सांगायचं तर बसमध्ये बसल्यावर माझं मन पुन्हा उलटलं. दोघं भाऊच आहेत, ठरवून बोलले असतील, असं वाटायला लागलं. घरी काय सांगू, असं खरा माणूस कशाला विचारेल?

संध्याकाळी हे कामावरून आले. भावाचा फोन त्यांना आलेला असणार, हे मी धरून चालले होते. भांडण होईल म्हणून मी तयार होते. त्यांनी हातपाय धुतले आणि विचारलं, "जेवलीस का तिथं?" मी हो म्हटलं. मग ते गाडी पुसायला बाहेर गेले. ते भांडले असते तर बरं झालं असतं.

पंधरा दिवसांनी बँकेचं पत्र आलं. व्यवहार यशस्वी झालेला असल्यामुळं तक्रार बंद करण्यात येत आहे. पत्र वाचून ह्यांनी घडी घातली आणि जाऊ दे म्हणाले. दोन महिने ओव्हरटाइम करतो, भरून काढतो.

इथं माझा संशय पक्का झाला. स्वतःच्या घामाचे दहा हजार बुडतात आणि माणूस जाऊ दे म्हणतो, हे माझ्या डोक्यात बसेना. मी म्हटलं, आपण नाही सोडायचं. त्यांनी दोनदा नको म्हटलं. जितकं नको म्हणत होते, तितकी मी पेटत गेले.

मेसमध्ये एक बाई जेवायला यायच्या, त्या कुठल्याशा बँकेत होत्या. पोळ्या वाढता वाढता मी त्यांना हकिगत सांगितली. त्या म्हणाल्या की मशीनच्या खोलीत कॅमेरा असतो, आणि मशीनमधल्या नोटा भरताना-काढताना मोजल्या जातात. दोन्ही लेखी मागा. उशीर करू नका, कारण कॅमेऱ्यातलं चित्रण कायम ठेवत नाहीत. दिलं नाही तर वरच्या तक्रार अधिकाऱ्याकडं जाणार असं अर्जातच लिहा. त्यांनीच मला अर्जाचा मसुदा सांगितला. मी तो माझ्या अक्षरात लिहिला आणि ह्यांची सही घेतली. सही करताना ह्यांनी मान वर करून माझ्याकडं बघितलं. मी बघितलं नाही. पैसे परत मिळावेत म्हणून तो अर्ज आहे असं वरवर होतं. खरं तर मला त्या चित्रणात ह्यांना नोटा घेऊन खिशात घालताना बघायचं होतं.

चार चकरा झाल्या. प्रत्येक वेळी अर्जाच्या प्रतीवर शिक्का मारून घेतला. शेवटी ज्यांचं मशीन होतं त्या बँकेतून बोलावणं आलं. तिथले मॅनेजर म्हणाले, चित्रण सहसा ग्राहकांना दाखवत नाहीत, पण इथं शंका मिटलेली बरी. त्यांनी स्क्रीन आमच्याकडं वळवला.

कॅमेरा वरून होता. आवाज नव्हता. हे आत आले, कार्ड घातलं, बटणं दाबली आणि हात पुढं करून उभे राहिले. झडप उघडली नाही. त्यांनी वाकून आत बघितलं. मशीनच्या बाजूला दोन चापट्या मारल्या. मग मोबाइल काढून मेसेज वाचला आणि भिंतीला टेकून उभे राहिले, हात डोक्यावर. असं मी त्यांना कधी बघितलं नव्हतं. घरात ते असे कधी उभे राहिले नव्हते.

मला वाटलं, आता जातील. ते गेले नाहीत. एक म्हातारा माणूस कार्ड घेऊन आत आला. ह्यांनी त्याला हातानं अडवलं आणि काहीतरी सांगितलं. तो गेला. मग एक बाई आली, तिलाही सांगितलं. मग दोन कॉलेजच्या मुली. पुढं ते दारातच उभे राहिले. कुणी आलं की मशीनकडं बोट दाखवायचे आणि मान हलवायचे. एकजण ऐकेना, तर त्याला स्वतःचा मोबाइल दाखवला. मॅनेजर चित्रण पुढं पुढं सरकवत होते आणि हे प्रत्येक वेळी दारातच दिसत होते. भर उन्हात तासाभरानं दुरुस्तीचा माणूस आला, त्यानं मशीनवर बंदची पाटी लावली, तेव्हा कुठं हे तिथून निघाले.

नोटा आत अडकून मशीनच्याच खालच्या कप्प्यात पडल्या होत्या. मोजणीत जास्तीचे दहा हजार निघाले होते, पण ते कुणाचे हे बघण्याची तसदी कुणी घेतली नव्हती. मॅनेजरांनी चूक मान्य केली आणि लवकरच खात्यावर जमा होतील म्हणाले. मी ऐकत होते, पण बघत होते ह्यांच्याकडं. ते अवघडून बसले होते, जणू त्यांचंच काही उघडं पडलं होतं.

घरी येताना जालना रोडला सिग्नलच्या अलीकडं मी त्यांना गाडी बाजूला घ्यायला लावली. म्हटलं, "मी हा अर्ज कशासाठी केला, माहीत आहे का तुम्हाला?"

"माहीत हाय."

"मग सही का केली?"

"नाय केली असती तर तू आणखी काय समजली असती?" थोडं थांबून म्हणाले, "मी नको नको म्हनत व्हतो, कारन कॅमेरा बंद निघाला असता तर? चित्रण पुसून गेलं असतं तर? मग तू जलमभर मला तसंच बघितलं असतं."

मी म्हटलं, चुकले मी. ते म्हणाले, इंजिनाचं खोटं मीच बोललो होतो, ते तुला विसरता येत नसेल तर तुझा काय दोष. दारात उभं राहिल्याचं सगळं सांगितलं असतं, तर तेही तुला त्या रिंगांसारखंच वाटलं असतं. मग त्यांनी गाडीला किक मारली.

आठवड्याभरात पैसे जमा झाले, वर उशिराबद्दलची भरपाईही मिळाली. मालकीणबाईंची उचल फेडली. त्या रात्री धीर झाला नाही, पण दुसऱ्या दिवशी सकाळी, हे चहा पीत असताना मी त्यांच्यासमोरच दिराला फोन लावला आणि सांगितलं की पैसे मशीनमध्येच होते, मी तुमच्यावर आणि तुमच्या दादावर संशय घेऊन आले होते. 

"ते मला त्याच दिवशी कळलं व्हतं, वैनी," पलीकडून दीर म्हणाले. "पन तुम्ही पोटभर जेवल्या न्हाईत, त्याचं हिला लई लागलं."

मी म्हटलं, पुढच्या रविवारी दोघं येतो. ह्यांनी कप खाली ठेवला आणि म्हणाले, सकाळची बस असते, आधी सांगितलं असतंस तर त्या दिवशीही सोडायला आलो असतो.