गाण्यातली रिकामी जागा

मंडळी, आज दुपारी रिसोडला गाण्यांचा कार्यक्रम ऐकून आले आणि रागातच लिहिते आहे.

शेवटचं गाणं आमच्या गल्लीतल्या रहीमचाचांचं होतं. चाचा ढोलक्या मढवायचे आणि गाणी रचायचे. स्वातंत्र्याआधी पटकीच्या, म्हणजे कॉलऱ्याच्या, साथीत त्यांची बायको गेली, तेव्हा त्यांनी हे गाणं केलं. प्रत्येक कडव्यानंतर ढोलकी थांबायची आणि चाचाही गप्प व्हायचे. मी लहानपणी कारण विचारलं होतं. म्हणाले, "गानं माह्यं, पन ही जागा ऐकनाऱ्याची. ज्याचं जे मानूस गेलं, त्याचं नाव त्यानं मनात घ्यावं."

आजच्या पोरांनी ती जागा कीबोर्डनं भरून टाकली.

चाचांची मुलगी जैबूनखाला माझ्या शेजारी बसली होती. वय नव्वदीला टेकलेलं. गाणं संपल्यावर तिनं गायकाला जवळ बोलावलं.

"काहून वाजवलं रे तिथं? मी माह्या अम्मीचं नाव कधी घेऊ?"

"आजी, तिथं लय रिकामं वाटून राह्यलं होतं."

"मंग? घर रिकामंच झालं होतं ना आमचं."

पोरगा समजूतदार निघाला. त्यानं गाणं पुन्हा घेतलं, नुसत्या ढोलकीवर. पहिलं कडवं झालं, ढोलकी थांबली. खालाचे ओठ हलायला लागले.

तेवढ्यात गाणं संपलं असं समजून अख्ख्या सभागृहानं टाळ्या वाजवल्या.

खालानं काठी उचलली. "चाल वो बाई, मले घरी घेऊन चाल."

दुसऱ्याच्या दुःखासाठी एक श्वासभर गप्प बसणं आपल्याला इतकं जड का जातं?