स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर माझी तारीख

मातृत्वाइतकं पवित्र या जगात काही नाही. हे मला ज्या क्षणी समजावण्यात आलं, त्या क्षणी माझ्या हातात एक नारळ होता आणि तो काढून घेतला जात होता.

धाकट्या जावेचं डोहाळजेवण होतं. भाईंदरला, आमच्या इमारतीच्या गच्चीवर. आमची म्हणजे सासऱ्यांची. जमीनही त्यांची, सहा मजलेही त्यांचे. मांडवात पुठ्ठ्याचा एक मोठा चंद्र उभा केला होता. त्या चंद्रावर हिरव्या शालूत, फुलांच्या दागिन्यांत जाऊ बसली होती. सातवा महिना. पाय सुजलेले. तिला खाली उतरायचं होतं, पण फोटोग्राफर उतरू देत नव्हता. "भाभी, थोडा स्माइल. मम्मीजी, आप पीछे से आइए."

ओटी भरायची वेळ झाली. पाच जणी लागतात. चौघींनी भरली. पाचव्या जागी मी उभी होते, कारण घरची थोरली सून मीच आणि वेगळं कुणी काही सांगितलं नव्हतं. मी नारळ उचलला, वाकले. तेवढ्यात माझ्या मनगटावर एक हात आला. सासूबाईंचा नव्हे. आत्याबाईंचा, म्हणजे सासऱ्यांच्या थोरल्या बहिणीचा.

"तू नको गो," त्या म्हणाल्या. "लेकुरवाळी पायजे."

नारळ गेला. मागून कुणाची तरी मावशी पुढे आली, तिच्या हातात गेला. तिला तीन मुलं होती. मग आत्याबाई शेजारणीकडे वळल्या आणि हळू बोलल्यासारखं करत, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "पाच वर्सं झाली. मिठागरातली पोर हाय ती. खाऱ्या भुईत काय उगवनार?"

दोघीतिघी हसल्या. सासूबाईंनी पदर तोंडाशी नेला. त्या हसत होत्या की ओशाळल्या होत्या, ते मला अजून कळलेलं नाही.

नवरा गच्चीच्या दाराशी होता. हातात बटाटेवड्यांचा ट्रे. त्याने ऐकलं. ऐकून तो पलीकडच्या रांगेत वाढायला गेला.

खाऱ्या भुईबद्दल आधी सांगते. माझे आजोबा मिठागरात कामाला होते. मिठाच्या टोपल्या डोक्यावरून वाहायचे. आजीही वाहायची. तिच्या टाचांच्या भेगा काम सुटल्यावरही बुजल्या नाहीत. ते मिठागर नवऱ्याच्या आजोबांचं होतं. तिथे मीठ पिकलं म्हणून पुढे हे सहा मजले उभे राहिले. खाऱ्या भुईत काय पिकतं, हे या घराण्याइतकं कुणालाच माहीत नसावं. पण हे मला गच्चीवर सुचलं नाही. अशी वाक्यं दोन दिवसांनी, भांडी घासताना सुचतात.

आमचं लग्न प्रेमाचं. कॉलेजात जमलं. सासऱ्यांनी लग्नात माइक हातात घेऊन भाषण केलं होतं. "आम्ही मुलगी बघतो, घर बघत नाही." टाळ्या पडल्या. त्यांनी शब्द पाळला. माझ्या आईवडिलांचं घर त्यांनी आजतागायत बघितलेलं नाही. खाडीच्या बाजूला आहे, रिक्षाने दहा मिनिटं.

लग्नानंतर पहिल्याच महिन्यात सासूबाईंनी विचारलं, "तुझी तारीख काय असते?" फ्रिजशेजारी कॅलेंडर टांगलेलं. त्यावर गॅस कधी लावला, दूधवाला कधी आला नाही, एकादशी कधी, असं सगळं. त्यातच माझी फुली. घरात पूजा असतात, सुनेचे चार दिवस आधी कळायला हवेत. मी तारीख सांगितली. का सांगितली? नवीन होते. आणि त्यांनी चहात साखर किती विचारावी तशा सुरात विचारलं होतं.

त्याच महिन्यात नवरा म्हणाला, "माझ्या खात्याच्या परीक्षा आहेत. दोन वर्षं थांबू या." मलाही थांबायचं होतं. कॉलेजच्या ग्रंथालयात माझी नोकरी अजून कायम झाली नव्हती. डॉक्टरांनी गोळ्या लिहून दिल्या. गोळ्यांची पाकिटं तो आणायचा. मीरा रोडच्या दुकानातून, कारण इमारतीखालचा मेडिकलवाला त्याच्या वडिलांना ओळखतो.

"घरी सांगायला नको," तो म्हणाला. "आई मनाला लावून घेईल."

मी मान हलवली. हेही लिहायला हवं. मी मान हलवली.

एकवीस दिवस गोळी, सात दिवस सुट्टी. पाळी दर चार आठवड्यांनी, बुधवारी. सासूबाई खूश. येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायच्या, "आमच्या सुनेचं घड्याळ कधी चुकत नाही." माझ्या भरवशावर त्या सत्यनारायण दोन-दोन महिने आधी ठरवायच्या. ही स्तुती खरं तर एका औषध कंपनीची होती, पण ती तिकडे पोचवायची सोय नव्हती.

दोन वर्षांची चार झाली. परीक्षा संपल्या, मग बढती, मग धाकट्या दिराचं लग्न. घरात पहिल्या वर्षी म्हणायचे, "होईल हो." दुसऱ्या वर्षी, "देवाचं काहीतरी करा." तिसऱ्या वर्षी मला एका देवळात नेलं, मनगटात लाल धागा बांधला. दर मंगळवारी जायचं. मी जायचे. मनगटात धागा, पोटात गोळी. नवरा गाडी लावायला जागा शोधत बसायचा. एवढा वेळ जागा शोधणारा माणूस मी पाहिला नाही.

मग मागच्या वर्षी गोळ्या थांबवल्या. मला वाटलं होतं, नळ उघडला की पाणी येतं तसं होईल. शिकलेली बाई आहे मी, पुस्तकांत नोकरी करते, तरी मला असंच वाटलं होतं.

पहिली पाळी त्रेचाळीस दिवसांनी आली. दुसरी एकतिसाव्या दिवशी. तिसरी येईचना.

नवऱ्याने मोबाइलवर ॲप घेतलं होतं. त्या ॲपने मला अठ्ठावीस दिवसांची बाई गृहीत धरलेलं. चौदाव्या दिवशी ते फुलाचं चित्र दाखवायचं. नवरा फुलाकडे बघायचा, मग माझ्याकडे. मी बाथरूममध्ये स्त्रीबीज सुटल्याचं दाखवणाऱ्या पट्ट्या भिजवून बघायचे. फुलाचा आणि पट्टीचा मेळ एकदाही बसला नाही.

सासूबाईंच्या कॅलेंडरवर फुलीची जागा रिकामी राहिली. पन्नासाव्या दिवशी घरातून पपई हद्दपार झाली. बादली उचलू देईनात. मी घरी दोनदा तपासून पाहिलं होतं, एकच रेघ. सांगितलंही, "आई, तसं काही नाही." त्या गालात हसल्या. "इतक्यात बोलू नये. दृष्ट लागते." मात्र आत्याबाईंना फोन गेला. जेवणात पापलेटची मधली तुकडी माझ्या ताटात येऊ लागली. मी खात होते. चांगली होती.

अठ्ठावन्नाव्या दिवशी पाळी आली. सासूबाईंनी पेन घेऊन फुली मारली, पेन परत अडकवलं. त्या दिवशी माझ्या ताटात शेपटी आली.

मी डॉक्टरकडे गेले. एकटीच, नवऱ्याला मीटिंग होती. डॉक्टरबाई साध्या होत्या, भिंतीवर हसऱ्या बाळांचे फोटो नव्हते. म्हणाल्या, "गोळीवर यायची ती तुमची स्वतःची पाळी नव्हतीच. गोळीची सुट्टी होती म्हणून रक्तस्राव व्हायचा. गोळी बंद केल्यावर शरीराला लय सापडायला काही जणींना महिने लागतात. लग्नाआधी कशी यायची?"

मी आठवलं. बारावीत दोन-दोन महिने यायची नाही. आई म्हणायची, अभ्यासाचा ताण.

"मग अनियमित आधीपासून असेल. गोळीने ती झाकली गेली. थायरॉइड बघू, सोनोग्राफी करू. घाबरू नका. गोळ्यांनी मूल होणं बंद होत नाही."

मी घाबरले नाही असं नाही. मला मूल हवं होतं. घराण्यासाठी नाही, पुठ्ठ्याच्या चंद्रासाठी तर मुळीच नाही. मला हवं होतं. आणि माझं शरीर मला कुठलीच तारीख देत नव्हतं. बाकी सगळे मात्र तारीख मागत होते.

एवढं सगळं पोटात घेऊन मी त्या गच्चीवर उभी होते. तीन मुलांची मावशी माझ्या नारळाने ओटी भरत होती. फोटोग्राफर मला म्हणाला, "दीदी, आप फ्रेम में आ रहे हो. थोडा साइड."

मी बाजूला झाले. एक पाऊल. मग थांबले. या घरात मी पाच वर्षं थोडी थोडी बाजूलाच होत होते.

"आत्याबाई," मी म्हणाले, "पाच वर्षं नाही. अकरा महिने."

"काय अकरा म्हयनं?"

"मूल हवं म्हणून आम्ही प्रयत्न करतोय त्याला. त्याआधी चार वर्षं मी गोळ्या घेत होते. मूल होऊ नये म्हणून. तुमच्या भाच्यानेच आणून दिल्या."

स्पीकरवर डोहाळ्याचं गाणं चालू होतं. ते कुणी बंद केलं नाही, त्यामुळे म्हणावं तितकं नाट्य झालं नाही. पण हसणाऱ्या थांबल्या.

"अगं, हळू," सासूबाई माझ्याजवळ आल्या. "लोक आहेत."

"लोक असतानाच नारळ काढून घेतला, आई."

त्यांनी मुलाकडे पाहिलं. तो ट्रे घेऊन उभा. ट्रे रिकामा झाला होता, तरी दोन्ही हातांनी धरलेला.

"खरं का रे?"

त्याला हो म्हणता आलं असतं. एक अक्षर. तो म्हणाला, "आई, हा विषय आत्ता नको ना."

म्हणजे हो. सगळ्यांना कळलं. आत्याबाईंनाही कळलं, पण त्या हरल्या नाहीत. "मंग गोळ्यांनीच खारावली," त्या म्हणाल्या. तपशील बदलला, निकाल तोच.

"मला तपासणाऱ्या डॉक्टर वेगळ्या आहेत, तुम्ही नाही, आत्याबाई," मी म्हणाले. "आणि माझ्या आजोबांच्या कामाचं नाव परत शिवीसारखं घेऊ नका. त्याच मिठावर तुमचं लग्न लागलं."

आवाज थरथरला माझा. चांगला, भरदार आवाज निघायला हवा होता. नाही निघाला.

तेवढ्यात चंद्रावरून जाऊ म्हणाली, "ताई, आधी मला खाली घ्या. पाय गेले माझे." मी हात दिला. सगळा भार माझ्या खांद्यावर टाकून उतरताना ती कानाशी पुटपुटली, "नंतर मलापण सांगा, कुठली गोळी ते."

यानंतर घर बदललं वगैरे काही नाही. सासऱ्यांनी दिराकरवी निरोप पाठवला, "घरातलं घरात ठेवायचं असतं." सासूबाई तीन दिवस बोलल्या नाहीत. चौथ्या दिवशी मेथी निवडता निवडता म्हणाल्या, "मंगळवारी माझ्याबरोबर देवळात यायचीस. मी तुझ्यासाठी उपास करत होते. तेव्हा काय वाटायचं गं तुला?"

मी त्यांना चार वर्षं फसवलं होतं. तेवढ्या बाबतीत त्या बरोबर होत्या, आणि तेवढ्यापुरती मी माफी मागितली. फक्त तेवढ्यापुरती.

पुढच्या आठवड्यात त्या पेन घेऊन कॅलेंडरपाशी उभ्या राहिल्या. जावेच्या बाळंतपणाआधी एक पूजा घालायची होती.

"तारीख काय धरू तुझी?"

"यापुढे तारीख सांगणार नाही, आई."

"मग पूजा कशी ठरवायची?"

"तुम्हाला हवी तेव्हा ठेवा. मी बसेन. माझा कुठला का दिवस असेना."

"अगं, पण..."

"बसेन. नाहीतर मला बोलावूच नका. पण विचारायचं नाही."

पेन काही वेळ त्यांच्या हातात राहिलं.

नवऱ्याशी मी सकाळी बोलले. तो बुटाची नाडी बांधत होता.

"डॉक्टरबाईंनी तुझीपण तपासणी सांगितलीय. करून घ्यायची."

"मला काय झालंय?"

"माहीत नाही. मला काय झालंय तेही माहीत नव्हतं, तरी माझी दोनदा सोनोग्राफी झाली."

"लॅबमध्ये बाबांच्या ओळखीचं कुणी असलं तर?"

"तर नमस्कार कर."

तो नाडी सोडून परत बांधायला लागला. मी त्याला स्पष्ट सांगितलं. मूल मला हवंय, आजही हवंय. होईल किंवा होणार नाही. पण माझ्या पोटाची चर्चा या घरात आता माझ्याशिवाय होणार नाही, आणि तुझ्याशिवायही होणार नाही. ज्या दिवशी तू परत ट्रे घेऊन पलीकडच्या रांगेत जाशील, त्या दिवशी मी खाडीकडच्या घरी जाईन. रिक्षाने दहा मिनिटं लागतात.

त्याने दुसरा बूट पायात घातला. मग म्हणाला, "बरं. रविवारी लॅबमध्ये जाऊन येतो."

तपासणीचा नमुना सकाळी आठ ते दहा या वेळातच घेतात. रविवारी लॅब बंद असते.